कपाटातला इतिहास आणि मावळचा पाऊस

माणूस गेल्यावर त्याचं कपाट कोण उघडतं? बहुतेक घरांत भाऊ, वहिनी किंवा पुतणे. तेरावं झालं की आवराआवर निघते. पासबुकं, विम्याचे कागद, दागिने बाजूला निघतात आणि बाकीचं रद्दीत जातं. त्या बाकीच्यात एखाद्या मित्राची वर्षानुवर्षांची पत्रं असतात, दोन मैत्रिणींचा लोहगडावरचा फोटो असतो, पहिल्या प्राइड मोर्चाचा बिल्ला असतो. उघडणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही. कळलंच, तर ते घाईघाईनं नाहीसं केलं जातं.

त्याआधीही बरंच गेलेलं असतं, आणि तेही स्वतःच्या हातानं. लग्न ठरलं, पत्रं बंबात गेली. बदली झाली, डायरी फाडली. आई अचानक खोली आवरायला येणार म्हणून फोटोंचं पाकीट विहिरीत टाकलं. ज्यांनी असं केलं त्यांना दोष द्यावा असं मला मुळीच वाटत नाही. ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत दोन सज्ञान पुरुषांचं परस्पर संमतीचं प्रेमसुद्धा कलम ३७७ खाली गुन्हा ठरू शकत होतं. तेव्हा पत्र हे प्रेमाइतकंच पुराव्याचंही साधन होतं. पण आता तो धाक कमी झालाय. म्हणून जे उरलंय ते टिकवायची वेळ आलीय. मावळात, विशेषतः लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूला राहणाऱ्यांना तर त्यासाठी माणसांइतकंच पावसाशीही झगडावं लागतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या आईवडिलांसाठी, भावंडांसाठी, भाच्यांसाठीही.

'आमच्या साध्या आयुष्यात जपण्यासारखं काय आहे' असं वाटत असेल, तर र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' आठवा. जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३ पर्यंत चाललेलं हे मासिक. त्यात वाचक नाव न देता प्रश्न विचारत आणि कर्वे उत्तरं देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरी कर्व्यांना दोनशे रुपये दंड झालाच. पुढे कुणीकुणी ते अंक सांभाळले, बांधून ठेवले, म्हणून आज आपण ठामपणे म्हणू शकतो की नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणूस हे प्रश्न मराठीत विचारत होता. 'हे सगळं परदेशातून आलं' या आरोपाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. ते प्रश्न विचारणाऱ्यांची नावं मात्र कायमची गेली. त्यांची एखादी वही, एखादं उलटटपाली पत्र एखाद्या ट्रंकेत राहिलं असतं तर आज आपल्या हाती केवढं काही असतं!

उलट उदाहरण बर्लिनचं आहे. माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरांनी १९१९ मध्ये लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था काढली होती. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं, कागद भर चौकात जाळले. सगळं एकाच छपराखाली होतं, म्हणून एका दिवसात गेलं. पुढे सांगणार आहे ते 'एकाहून जास्त प्रती, एकाहून जास्त ठिकाणी' हे सूत्र यासाठीच.

काय ठेवायचं

पहिल्यांदा मनात येतात ती पत्रं आणि फोटो. ते तर ठेवाच, पण तेवढ्यावर थांबू नका. इतिहास लिहिणाऱ्याला पुढे जे सापडत नाही ते रोजच्या जगण्यातलं असतं. पुणे-लोणावळा लोकलचा जुना पास. दोघांच्या नावानं केलेला भाडेकरार, ज्यात नात्याच्या जागी 'मित्र' लिहिलंय. हॉस्पिटलच्या कागदावर 'नातेवाईक' म्हणून कुणी सही केली होती ते. गणपतीच्या आरतीला दोघी एकत्र बसल्याचा फोटो. 'बॉम्बे दोस्त' या समलिंगींच्या नियतकालिकाचा अंक, मग तो फाटका का असेना. अशोक राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ते सुरू केलं, तेव्हा असा अंक घरी येणं हीच मोठी जोखीम होती. म्हणून अंक कुठून मिळाला, कुठे लपवला, कुणी कुणाला वाचायला दिला, हे अंकाइतकंच मोलाचं आहे. समलिंगींसाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टची (१९९४) किंवा पुण्यातल्या बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टची (२००२) पत्रकं, हेल्पलाइनचे कागद, सुरक्षित संबंधांवरच्या पुस्तिका लोक वाचून फेकून देतात. त्यामुळे त्या मोठ्या ग्रंथालयांतही मिळणं कठीण. २०११ च्या डिसेंबरात पुण्यात पहिला प्राइड निघाला. त्यातला हातानं रंगवलेला पुठ्ठा कुणाच्या माळ्यावर असेल, तर तो खाली काढा.

पुस्तकांत एक वेगळी गोष्ट बघा. 'मित्राची गोष्ट' हे तेंडुलकरांचं नाटक १९८१ चं, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची, लक्ष्मी नारायण त्रिपाठींचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' २०१२ चं. पुस्तकाच्या प्रती ग्रंथालयांत आहेतच. पण तुमच्या प्रतीत समासात काही लिहिलं असेल, पानात तिकीट राहिलं असेल, आत कुणी 'हे वाच, मग बोलू' असं लिहून दिलं असेल, तर ती प्रत पुस्तक म्हणून नव्हे, तर तुमचा कागद म्हणून सांभाळायची.

लोणावळ्याचा आपला एक खास ठेवा आहे, तो म्हणजे सहलीचे फोटो. मुंबईहून सिंहगड किंवा इंद्रायणीनं, पुण्याहून लोकलनं यायचं, भुशी धरणावर भिजायचं, टायगर पॉइंटला भजी खायची, एखाद्या बंगल्यावर रात्र काढून परतायचं. ज्यांना स्वतःच्या शहरात हात धरता येत नव्हता त्यांच्यासाठी ओळखीच्या नजरांपासून दूरची ही जागा. अशा फोटोंत दोघंजण नुसते मित्र म्हणून उभे असतात आणि नातं चौकटीबाहेर राहतं. ते आत आणायचं काम फोटोच्या मागच्या बाजूचं आहे.

मागे काय लिहायचं

कार्ल्याच्या चैत्यगृहात तुम्ही कितीदा गेला असाल. एकवीरेचं दर्शन झालं की लोक लेण्यात डोकावतात आणि खांबांवरची, दारांवरची अक्षरं न वाचता परततात. ती अक्षरं दात्यांची आहेत. त्यात धेनुकाकटाचा सुगंधी द्रव्यं विकणारा सिंहदत्त आहे, सामि नावाचा सुतार आहे, यवन आहेत. राजेही आहेत, पण सिंहदत्त त्यांच्याइतकाच टिकलाय. दोन हजार वर्षं टिकायला त्याला किती मजकूर लागला? नाव, गाव, धंदा आणि काय दिलं, एवढाच.

आपल्या फोटोमागेही एवढंच लिहायचं: कोण, कुठले, एकमेकांचे कोण, केव्हा, कुठे आणि फोटो कुणी काढला. शेवटचं विसरू नका. कॅमेऱ्यामागे बहुधा तिसरा विश्वासू माणूस असतो आणि त्याचं नाव कुठेच येत नाही. नक्की वर्ष आठवत नसेल तर 'बहुतेक १९९६-९७, एक्स्प्रेसवे व्हायच्या आधी' असं लिहा. अंदाज असेल तिथे अंदाज म्हणा. लिहायला मऊ शिसपेन्सिल घ्या, फोटो पालथा काचेवर ठेवा आणि हलक्या हातानं कडेला लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई ओलाव्यात पसरते. चकचकीत पाठीच्या नव्या फोटोंवर पेन्सिल उठत नाही. तिथे फोटो कागदी पाकिटात घाला आणि मजकूर पाकिटावर लिहा, तोही फोटो आत घालण्याआधी.

मेलेल्या माणसाला मात्र आपल्या मनानं लेबल चिकटवू नका. आजोळची एखादी मावशी जन्मभर मैत्रिणीबरोबर राहिली, गावातला एखादा कलाकार तमाशात जन्मभर बाईची कामं करत आला. तो काय होता, ती काय होती, हे त्यांनी सांगितलं नसेल तर आपण ठरवायचं नाही. 'दोघी १९६० पासून तळेगावात एका घरात राहत, दोघींचं एकच रेशनकार्ड होतं' असं पाहिलेलं, ऐकलेलं लिहावं. पुढचा वाचक आपला अर्थ आपण काढेल. तसंच पारलिंगी व्यक्तीच्या कागदांवर जुनं नाव असतं. ते खोडायचं की ठेवायचं, वेगळ्या बंद पाकिटात ठेवायचं की नष्ट करायचं, हा निर्णय सर्वस्वी त्या व्यक्तीचा. इतिहासाच्या नावाखाली कुणी तिच्यावर दबाव आणू नये.

पाऊस, बुरशी आणि कसर

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला वडगाव-तळेगावकडे येईतो तो झपाट्यानं कमी होतो. त्यामुळे एकाच तालुक्यात दोन तऱ्हेची काळजी लागते. पवन मावळात, नाणे मावळात, खंडाळ्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेवर हिरवा थर येतो. जे चपलेला होतं ते पत्राला होणारच. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की बुरशी धरते. ती मोजणारं छोटं यंत्र सहज मिळतं. ते कपाटात ठेवलं की अंदाजावर राहावं लागत नाही.

जागा निवडताना पश्चिमेकडची बाहेरची भिंत टाळा, कारण पावसाचा मारा तिथेच असतो. माळा, पलंगाखालची ट्रंक, स्वयंपाकघर, मोरीला लागून असलेलं कपाट या साऱ्या जागा वाईट. घराच्या मधल्या खोलीत, आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून चार बोटं पुढे असं कपाट सगळ्यांत बरं. पत्र्याची पेटी उंदरांपासून वाचवते, पण रात्री हवा गार झाली की आतून घाम धरते. पेटीच वापरायची असेल तर आत धुतलेल्या सुती कापडाचं अस्तर घाला.

पुण्याची जुनी दप्तरं रुमालात बांधलेली का, याचं उत्तर इथे उपयोगी पडतं. सुती कापड हवा खेळू देतं आणि थोडा ओलावा स्वतः शोषून घेतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत आत कोंडलेला ओलावा आतच राहतो आणि एका पावसाळ्यात सगळे कागद चिकटून बसतात. म्हणून बिनरंगी मांजरपाट किंवा मलमल आणा, दोनदा खळ निघेपर्यंत धुवा, कडक वाळवा आणि त्यात पत्रांचा गठ्ठा बांधा. लाल रुमाल दिसायला छान दिसतो, पण भिजला तर रंग सोडतो.

कापडी गठ्ठे झाकणाच्या जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. चिक्कीच्या आणि फजच्या रिकाम्या खोक्यांचा मोह लोणावळ्यात सगळ्यांना होतो, तो आवरा. पुठ्ठ्यात गूळ-साखर आणि तूप मुरलेलं असतं. मुंग्या आणि झुरळं आलीच. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारे दाणे मिळाले तर ते उत्तम, कारण ओलावा भरला की कळतं. ते तापवून वाळवले की परत वापरता येतात. कसरीसाठी वेखंडाची पूड किंवा वाळवलेला कडुलिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा, कागदाला लागू देऊ नका. डांबराच्या गोळ्या फोटोंजवळ नकोत.

कागद खोक्यात घालण्याआधी टाचण्या, पिना, रबरबँड काढा. गंज आणि चिकटलेलं रबर यांनी जितकी पत्रं खराब होतात तितकी वाळवीनंही होत नसतील. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते आणि कागद घेऊनच निघते. लॅमिनेशन तर करूच नका. कागद एकदा त्या प्लॅस्टिकमध्ये वितळवून बसवला की परत काढता येत नाही. चिकट पानांचे जुने अल्बम असतील तर त्यांतले फोटो दोऱ्यानं हळूच सोडवा. न सुटणारे तसेच राहू द्या आणि त्यांचे फोटो काढून घ्या. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळ्या पाकिटात हवीत, कारण त्या कागदातलं आम्ल शेजारच्या पत्रालाही पिवळं करतं. कलम ३७७ च्या निकालाच्या दुसऱ्या दिवसाचा, ७ सप्टेंबर २०१८ चा अंक तुम्ही आठवणीनं ठेवला असेल, तर त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा. एटीएमच्या किंवा तिकिटाच्या छापील पट्ट्या काही वर्षांत कोऱ्या होतात. त्यांचीही झेरॉक्स आजच काढा.

सगळी काळजी घेऊनही छत गळलं, खोकं भिजलं तर? पहिली गोष्ट, उन्हात टाकू नका. कागद वाकडे होतात आणि फोटोंचा वरचा थर तडकतो. पंख्याखाली, जुन्या सुती साडीवर एकेक पान सुटं पसरा, खालचं कापड बदलत राहा. चिकटलेली पानं ओढू नका. फार मोठा गठ्ठा असेल आणि दोन दिवसांत वाळवणं शक्य नसेल, तर तो तसाच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी तिथेच थांबते आणि मग सवडीनं थोडेथोडे कागद काढून वाळवता येतात. बुरशी आलेला कागद पूर्ण वाळल्यावरच, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशनं झटका. काचेला चिकटलेला फोटो फ्रेममधून उपटू नका, काचेसकट त्याचा फोटो घ्या.

साडी, ओढणी, झेंडा, टी-शर्ट हे धुऊन, पूर्ण वाळवून, सुती कापडाभोवती गुंडाळून ठेवावेत. घडी घातली तर दर दिवाळीत घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला. बिल्ले कपड्यावरून काढून वेगळे ठेवा, नाहीतर पिनेचा गंज कपडा खातो.

जे कागदावर नाही ते

फोनमधला इतिहास तर कागदापेक्षाही लवकर जातो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं आणि याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरात. पहिल्यांदा 'मी एकटा नाही' हे अनेकांना त्या गटांतल्या गप्पांतून कळलं होतं. परमेश शहाणींनी २००८ मध्ये 'गे बॉम्बे' या पुस्तकात अशाच एका गटाचा अभ्यास मांडला, म्हणून त्या काळाचं काही तरी पुस्तकात राहिलं. बाकीच्यांचं गेलं. म्हणून जे आज तुमच्या फोनमध्ये आहे ते बाहेर काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषण एक्स्पोर्ट होतं. फोटो पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दर्जा उतरतो. जुने कागद स्कॅन करताना पत्राला ३०० आणि लहान फोटोला ६०० डीपीआय ठेवा, आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. फाइलला '१९९७-०८-भुशी-सहल-०१' असं नाव द्या. तीन प्रती ठेवा: एक संगणकात, एक कुलूपबंद हार्डडिस्कवर आणि एक दुसऱ्या गावात, विश्वासातल्या माणसाकडे. गूगलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर बंद होऊ शकतं. त्याच्या इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर या सोयीत तुमच्यामागे ते कुणाला मिळावं हे आधीच नोंदवता येतं. व्हिडिओ कॅसेट असतील तर वाट पाहू नका. फीत आणि ती चालवणारी यंत्रं दोन्ही संपत चालली आहेत.

पण खरी घाई माणसांची आहे. ज्यांनी १९८०-९० ची दशकं पाहिली ते आता साठी-सत्तरीत आहेत. तृतीयपंथी जमातीत तर इतिहास बहुतांशी तोंडीच चालत आलाय. कोण कुणाचा गुरू, कोण कुणाचे चेले, घर कुठून कुठे हललं, कुठल्या जत्रेला कोण येत असे, हे एखाद्या म्हाताऱ्या गुरूला तोंडपाठ असतं. जोगत्यांच्या परंपरेतही तेच. गुरू गेल्यावर तिच्या वस्तू चेल्यांत वाटल्या जातात. कोणती वस्तू कुणाकडे गेली, तिच्यामागची हकिकत काय, एवढं तरी टिपून ठेवायला हवं. हे काम बाहेरच्या अभ्यासकानं येऊन करण्यापेक्षा जमातीतल्याच शिकल्यासवरल्या चेल्यानं केलं तर जास्त चांगलं होईल.

रेकॉर्डिंग फोनवर करता येतं. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं बोला, किंवा त्यांना हवं ते टोपणनाव. पत्र्याच्या छपराखाली पावसात रेकॉर्डिंग करू नका, पावसाशिवाय काही ऐकू येणार नाही. लोणावळ्यात शनिवार-रविवारही टाळा. 'तुम्हाला केव्हा कळलं' हा प्रश्न सगळ्यांनी विचारून झालेला असतो. त्याऐवजी खोली किती मोठी होती, भाडं कुणाच्या नावावर, आजारपणात डबा कोण आणायचं, भांडण कशावरून व्हायचं, हे विचारा. जुना फोटो समोर ठेवला की बोलणं आपसूक सुरू होतं. कुणाला रडू आलं तर फोन बंद करा आणि बसा. श्रीधर रंगायन यांचा 'प्रोजेक्ट बोलो' हा व्हिडिओ मुलाखतींचा संग्रह पाहून ठेवलात तर बोलतं कसं करायचं हे समजेल.

जिवंत माणूस आधी

इथे मी सगळ्यांत कडक आहे. फोटोत चार जण असतील आणि त्यातला एक आज संसारात असेल, गावात राहत असेल, तर त्याला विचारल्याशिवाय तो फोटो कुठल्याही ग्रुपवर, प्रदर्शनात, लेखात जाता कामा नये. कायदा बदलला म्हणून त्याचं घर बदललेलं नाही. संमती तोंडी नको. काय वापरायचं, कुठे, नाव घालायचं की नाही, हे एका कागदावर लिहून सही घ्या, आणि 'केव्हाही मागे घेता येईल' हेही लिहा. पत्राच्या बाबतीत लक्षात ठेवा की तुमच्याकडे आलेलं पत्र तुमच्याकडे असलं तरी मजकूर लिहिणाऱ्याचा आहे. जे आत्ता उघड करता येत नाही ते जाळू नका. पाकिटात घाला, चिकटवा, वर 'अमुक वर्षापर्यंत उघडू नये' असं लिहा. तीस-चाळीस वर्षं बंद राहिलेलं पाकीटही पुढे उपयोगी पडतं. आणि घरात सुरक्षित वाटत नसेल, तर खोकं घरात ठेवूच नका. स्कॅन करून मूळ कागद मित्राकडे द्या. तुमच्या जिवापेक्षा कुठलाही दस्तऐवज मोठा नाही.

मग हे सारं जावं कुठे? बंगळुरूला नॅशनल लॉ स्कूलमध्ये 'कमरा' हा क्वीअर संग्रह आहे. कलम ३७७ च्या लढ्याचे कागद, चित्रफिती आणि व्यक्तींचे संग्रह तिथे जतन होतात. मुंबईत १९८८ पासून चालणाऱ्या 'स्पॅरो'कडे स्त्रियांच्या आवाजांचा आणि चित्रांचा मोठा संग्रह आहे. देण्याआधी पत्र लिहून विचारा की ते काय घेतात, कोण पाहू शकतं, बंद पाकिटाची अट पाळतात का, मूळ परत देतात का. न्यूयॉर्कचं 'लेस्बियन हर्स्टरी आर्काइव्ह्ज' १९७४ मध्ये सुरू झालं आणि बरीच वर्षं एका फ्लॅटमध्येच चाललं. तेव्हा वडगाव किंवा लोणावळ्यात चार-पाच मित्रमैत्रिणींनी एका घरातलं एक कपाट या कामाला दिलं, यादीची वही ठेवली आणि किल्ली दोघांकडे ठेवली, तरी सुरुवात पुरेशी आहे. मला वाटतं, मावळातले कागद शक्यतो मावळात राहावेत आणि त्यांच्या प्रती बाहेर जाव्यात.

मृत्युपत्राचं टाळू नका. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे जोडीदार कितीही वर्षांचा असला तरी कायद्यानं तो आपोआप वारस होत नाही. तुमची पत्रंही मग पुतण्याच्या हाती जातात. साध्या कागदावर मृत्युपत्र करता येतं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ते शक्यतो लाभ मिळणाऱ्यांपैकी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात केलेली बरी. त्यात घर-पैशाच्या खाली एक ओळ स्पष्ट लिहा: माझी पत्रं, फोटो, डायऱ्या, फोन आणि त्यातला मजकूर अमुक व्यक्तीकडे जावा. त्या व्यक्तीला हे आधी सांगा आणि खोकं कुठे आहे ते दाखवा.

आईवडिलांना एक विनंती. मुलानं किंवा मुलीनं तुम्हाला सांगितलं असेल, तर त्या दिवसानंतर तुमच्या मनात काय काय झालं ते लिहून ठेवा. राग आला असेल तर रागही. 'स्वीकार – द रेनबो पेरेंट्स'सारखे पालकांचे गट आज आहेत, पण तीस वर्षांपूर्वीच्या मराठी आईवडिलांनी हे कसं पेललं याची नोंद आपल्याकडे जवळजवळ नाही. आणि ज्यांचं मूल न सांगताच गेलं, त्यांनी त्याचं कपाट उघडताना घाई करू नये. जे कळत नाही ते फेकू नका. त्याच्या जवळच्या मित्राला किंवा मैत्रिणीला बोलवा, समोर बसवा आणि विचारा, हे काय आहे. मगच ठरवा.